मधल्या खुणेवर

"पाच वाजता ऑडिशन आहे, मामा," भाचीने गिटार माझ्या टेबलावर ठेवत सांगितलं. तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी तिच्या ओठांकडे बघत होतो म्हणून मला ते कळलं.

"पाच वाजता? आणि आत्ता उगवतेस? मी काय जादूगार आहे?" मी ओरडलो.

माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. तीस वर्षं मी वाद्यं दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी म्हणतो, बडबड नको, वाद्य ठेवा आणि निघा. लोक म्हणतात, मिस्त्री तिरसट आहे, पण कान काय आहे त्याचा! म्हणोत बापडे. गेलं वर्षभर माझ्या डाव्या कानात काही शिरत नाही आणि उजव्यात शिट्टी वाजते, गॅसवर विसरलेल्या कुकरसारखी. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. घरी बायको आतल्या खोलीतून "अहो, ऐकलंत का?" म्हणून दहादा हाक मारते आणि मी ओ देत नाही, पण एवढ्यावरून कुठल्या बायकोला नवऱ्याच्या कानांचा संशय येतो? वर्षभरात मी एकदाही कोणाला "काय?" असं विचारलेलं नाही. तिरसट म्हणवून घेणं परवडतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे वाद्य कोण आणणार?

भाचीला आम्ही टिचकी म्हणतो. लहानपणी दिसेल त्या भांड्याला टिचकी मारून आवाज कसा येतो ते बघायची. आता तेवीस वर्षांची घोडी झाली, तरी नाव तेच. तिची गिटार म्हणजे दुकानातली सगळ्यात स्वस्त, नवशिक्यांना खपवतात तसली. लाकूड बरं, मान सरळ, पण पिकअप भिकार. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबकाचे डबे. तारांची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवायची, एवढंच त्यांचं काम. तिच्या गिटारचे डबे तारांबरोबर खोलीतला पंखा, दिवा, सगळंच पकडायचे आणि स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज यायचा. आज जिथे ऑडिशन होती, त्याच बँडने गेल्या वर्षी तिला त्यापायी परत पाठवलं होतं. त्यांचा म्होरक्या म्हणाला होता, "बाई, गिटार वाजवतेस की पिठाची गिरणी?" ती हसत घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही.

आता त्यांचा गिटारवाला सोडून गेला होता. दौरा सहा महिन्यांचा, जागा एकच. हे हुकलं तर टिचकी तिच्या बापाच्या ओळखीच्या कचेरीत चिकटणार, हे घरात ठरूनच गेलं होतं.

तिने पिशवीतून दोन वेगळे पिकअप काढले. एक कोऱ्या खोक्यातला, दुसरा कोणाकडून तरी वापरलेला मिळवलेला.

"जोडी नाही मिळाली गं?"

"नाही मिळाली. पण दोन्ही चांगले आहेत. लाव ना, मामा."

मी पाठ फिरवली आणि सोल्डरिंग आयर्न तापत घातलं. स्क्रूड्रायव्हर शोधून वळलो तेव्हा तिचं तोंड नुकतंच मिटत होतं. काहीतरी बोलली होती. माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो त्याची वाट पाहत.

"माहितेय, माहितेय," मी म्हणालो. "मला नको शिकवू. जा, आवरून ये."

ती गेली.

मग अडीच तास मी मान वर केली नाही. तारा उतरवल्या, जुने डबे उचकटले. नवे थोडे रुंद होते, म्हणून लाकडाच्या खाचा पटाशीने रेघभर वाढवल्या. पाठीमागच्या झाकणाखाली सगळ्या जोडण्या असतात. तिथे प्रत्येक पिकअपच्या दोन तारा, एक काळी, एक पांढरी. काळी जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, पांढरी स्विचला. जन्मभर हेच केलं. स्विचला तीन खुणा: पुढे केला की एक पिकअप, मागे केला की दुसरा, मधे ठेवला की दोन्ही एकत्र. सोल्डर चकचकीत बसलं, माझं मलाच कौतुक वाटलं. मीटर लावला, दोन्ही जिवंत.

मग दुकानातल्या छोट्या स्पीकरला जोडून तिन्ही खुणांवर वाजवलं. आवाज येतोय एवढं शिट्टीतूनही कळलं. कसा येतोय, ते मी हल्ली दातांना विचारतो. गिटारचं टोक दातांत धरायचं आणि तार छेडायची. लाकडाची थरथर हाडातून थेट डोक्यात जाते. दात म्हणाले, उत्तम. मी दातांवर विश्वास ठेवला.

टिचकी साडेतीनला पळत आली. पुढच्या खुणेवर चार सूर वाजवून बघितले आणि तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं.

ती माझ्यासमोर आली. "घूं गेलं, मामा! तू पण चल. आवाज कसा येतोय ते मला खालून सांग. तुझ्या कानाएवढा मला माझा पण भरवसा नाही."

मला दुकानातच थांबायचं होतं. पण नाही कसं म्हणणार? मी हत्यारांची पिशवी उचलली.

ऑडिशन एका शाळेच्या हॉलमध्ये होती. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मंचावर माझ्या कमरेएवढा स्पीकर. समोर टेबलाशी तिघं. मधला टकला म्होरक्या. त्याने मला ओळखलं आणि हात केला. गेल्याच महिन्यात त्याची गिटार मी दुरुस्त करून दिली होती. बाहेर अजून चार पोरं आपापल्या गिटारी घेऊन बसली होती. मी मंचाच्या पायरीजवळ, स्पीकरला लागून उभा राहिलो.

टिचकीने पहिला तुकडा पुढच्या खुणेवर वाजवला. म्होरक्याची मान डोलली. शेजारची गायिका पुढे सरकून बसली. मला शिट्टी आणि तिच्यामागे काहीतरी धूसर ऐकू येत होतं, पण चेहरे मला वाचता येतात. चांगलं चाललं होतं.

दुसऱ्या तुकड्याला तिने स्विच मधे आणला आणि वाजवायला लागली. दोन ओळींत तिच्या कपाळाला आठी पडली. तिने माझ्याकडे बघितलं. भुवया वर, प्रश्न स्पष्ट: मामा, बरोबर येतंय ना?

आणि मी, गाढव, अंगठा वर केला.

तिने माझं ऐकलं. स्वतःच्या कानावर नाही, माझ्या अंगठ्यावर विश्वास ठेवला. जोर वाढवला, बोटं घसरायला लागली. गायिका मागे टेकली. म्होरक्याने कागदावर काहीतरी लिहिलं, न बघता. टिचकीने परत माझ्याकडे बघितलं, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

काहीतरी बिघडलं होतं आणि ते हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं, एक मी सोडून. मी स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. नुसती बारीक खाज, डास बसल्यासारखी. तेवढ्यात घाबरून तिने स्विच पुढे ढकलला, आणि माझ्या तळव्याला धडाधड धक्के बसायला लागले. परत मधे आणला. धक्के गायब.

आता मला कळलं. एका पिकअपच्या तारा उलट होत्या. एकेकटे दोन्ही नीट, पण एकत्र आले की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, सगळा जाड आवाज आपसांत मारून टाकतात आणि उरते ती किरकिर. शिकाऊ पोराच्या पण लक्षात येईल अशी चूक. दातांना ती कळणार नव्हतीच. दातांनी लाकूड ऐकलं, पिकअप नाही.

खरं सांगतो, मी गप्प बसायचा विचार केला. बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. स्वस्तातली गिटार, दुसरं काय होणार, असं म्हणून सगळे मोकळे झाले असते. टिचकीनेही तेच मानलं असतं. माझा कान बाजारात शाबूत राहिला असता. दोन श्वास मी तसाच उभा होतो. त्या दोन श्वासांची मला आजही लाज वाटते.

"थांबा!" मी ओरडलो. "वाजवू नकोस. चूक तिची नाही, माझी आहे. मी तारा उलट जोडल्यात."

म्होरक्याने पेन ठेवलं. "मिस्त्री, तुम्ही? तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"नाही आलं. मला ऐकू येत नाही. वर्ष झालं." मी स्पीकरवरचा हात काढला. "तुमची गिटार पण दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. मला दहा मिनिटं द्या. नंतर तिचं नाव खोडा हवं तर, पण या आवाजावरून नको."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी म्होरक्या म्हणाला, "पुढच्या मुलाला बोलावतो. तो संपेपर्यंत वेळ आहे. त्यानंतर एक मिनिट नाही."

पॅसेजमध्ये जमिनीवर माझा शर्ट अंथरून त्यावर गिटार पालथी घातली. सोल्डरिंग आयर्न भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसलं, पण ते मेलं तापेना. आत पुढच्या मुलाने सुरुवात केल्याचं टिचकीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. नुसत्या बनियनवर बसलेला मामा आणि त्याच्याकडे टक लावून बघणारी भाची. मग ती माझ्या समोर येऊन बसली.

"मी सांगितलं होतं, मामा. त्या वापरलेल्या पिकअपची काळी तार जमिनीची नाही. तू माहितेय म्हणालास."

"मी पाठमोरा होतो."

ती जवळ सरकली. माझ्या चिमट्यातून तार सारखी निसटत होती. तीस वर्षांत निसटली नव्हती. तिने खाली वाकून ती काळी तार चिमट्यात धरली आणि स्थिर ठेवली. मी जुना सांधा वितळवला, काळी स्विचला, पांढरी जमिनीला. शेवटचा थेंब गार होतोय तोवर दार उघडलं आणि घामेजलेला मुलगा बाहेर आला. चारपैकी दोनच स्क्रू लावून झाकण बसवलं. ती गिटार घेऊन धावली.

या वेळी मी अंगठा वर केला नाही. मी स्पीकरवर हात ठेवून उभा राहिलो, तसाच बनियनवर, सगळ्यांदेखत. तिने स्विच मधे आणला. तळव्याला धक्का बसला, मग दुसरा, मग कोपरापर्यंत सगळा हात थरथरायला लागला. टिचकी एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून वाजवत होती, स्वतःचं स्वतः ऐकत. मी रडत होतो आणि मला त्याची पर्वा नव्हती.

उरलेली पोरं झाली. साडेसहाला म्होरक्या उभा राहिला आणि कागद बघून काहीतरी बोलला. हॉल मोठा, तोंड खाली, मला एक अक्षर कळलं नाही. मी टिचकीकडे बघितलं. मला वाटलं ती उडी मारेल, नाहीतर कोसळेल. तिने दोन्ही केलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं, आणि सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून ओठ हलवले.

"मला घेतलं, मामा."

मला पहिल्या फटक्यातच कळलं होतं.

"काय?" मी म्हणालो. "परत सांग."