समाधीवरचं पाणी

मुठीएवढा दगडी नंदी. एका शिंगाचा टवका उडालेला.

पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकांना दोन माणसं, मध्ये कोरडा ओढा.

आटलेल्या विहिरीच्या तळाशी उगवलेला पिंपळ.

बेलाचं पान.

"संगमेश, पाणी कुठं थांबलं?" लिंबाजी पलीकडून ओरडला. आपलं टोक त्यानं नव्या बांधाच्या सांडव्याच्या खुणेला धरलं होतं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला थांबतं. म्हणजे तळं भरल्यावर कुठवर चढेल, ते आजच दिसतं.

संगमेशच्या पायाशी वडिलांची समाधी, तिच्यावर तो नंदी. चन्नबसप्पाला स्वतःच्याच शेतात, मांडी घालून बसवून पुरलेलं.

"मुका झालास का रे?"

"छातीला!"

डोंगरउतारावर चर खणणारं गाव थांबलं.

लिंबाजी ओढा ओलांडून आला. "बांध वर सरकवू, काकू. पाणी निम्मंच मावंल, पण अप्पा कोरडे राहतील."

"कोरडेच होते की जन्मभर," संगमेशची आई गंगम्मा म्हणाली.

कुणीतरी हसलं.

"अव्वा, त्यांना काढून वरच्या पट्टीत बसवू."

"बसल्या माणसाला उठवायचं न्हाई." तिनं लेकाच्या छातीवर हात ठेवला. "इथवर?"

"हाव."

हात तसाच ठेवून तिनं सगळं खोरं बघितलं. खडक. कुसळं. खालच्या अंगाला लिंबाजीची आटलेली विहीर. ती बघत राहिली. उन्हं कलली.

"बांधा इथंच."

"नंदी तरी घरी नेऊ?"

"राहू दे. एकट्यानं कसं बसतील?"

मातीचं पहिलं टोपलं तिनंच टाकलं.

आषाढात ओढा आला आणि बांधाशी थांबला. आवाज न करता चढू लागला. चौथरा. नंदीचे पाय. तुटकं शिंग. मग नुसतं पाणी, त्यात उलटा डोंगर. सगळं गाव काठावर.

गंगम्मानं बेलाचं पान सोडलं. ते समाधीच्या जागेवर पोचलं आणि थरथरलं. खालून बुडबुडे येत होते. एक, मग पुष्कळ, थांबेचनात.

"बोलायलेत," ती म्हणाली.

कोरड्या मातीतली हवा वर येते, हे संगमेशला ठाऊक होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

खालून लिंबाजीची हाक आली. त्याच्या विहिरीत पिंपळाचं बूड पाण्यात होतं.

चन्नबसप्पाच्या शेवटच्या आंघोळीला पाणी अहमदपूरहून टँकरनं आणलं होतं.