उलटा ससा

सूनबाईने पोलादाची पट्टी बंदुकीच्या डाव्या अंगाला लावून पाहिली आणि तिच्या हातातला स्क्रू खाली पडला. कुत्रा उलटा होता.

तिने पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा लावली. पुसून कुत्रा थोडाच वळणार होता! पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, अंगावरचा केस न् केस वेगळा. आणि असा हा देखणा कुत्रा नळीच्या तोंडाकडे बघायचं सोडून दस्त्याकडे, म्हणजे थेट बंदूक धरणाऱ्याकडे बघत होता. शिकारीच्या बंदुकीवर कोरलेली जनावरं नळीच्या दिशेने तोंड करून असतात. मग तो कुत्रा असो, ससा असो की तितर. या कामाची बाराखडीच ती. तिला ती ज्यांनी गिरवायला लावली, त्या आप्पांनीच, तिच्या सासऱ्यांनीच, हा कुत्रा कोरला होता.

"बसली का गं पट्टी?" आप्पांनी आतून हात धुता धुता विचारलं.

"बसली की."

"आणि कुत्रा?"

"केस मोजून घ्यावेत, आप्पा."

आत शीळ सुरू झाली. आप्पा खूश झाले की बेसूर शीळ घालत, आणि घरात कुणाचीही त्यांना तसं सांगायची छाती नव्हती.

चूक कुठे झाली ते तिला लगेच उमगलं. ही दुनळी बंदूक चाळीस वर्षांपूर्वी आप्पांनीच सजवली होती. दोन्ही अंगांच्या पट्ट्या गंजून गेल्या म्हणून बंदुकीच्या मिस्त्रीने नव्या कोऱ्या पट्ट्या घडवून पाठवल्या होत्या, आणि जुनी चित्रं आप्पांच्या वहीत होती. काम हातावेगळं करण्याआधी ते रेघांमध्ये शाई भरून कागदावर ठसा घेऊन ठेवत. ठशात चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. म्हणून ते नव्या पट्टीवर उतरवताना कागद पालथा घालायचा, म्हणजे पुन्हा सुलटं होतं. आप्पांनी कागद पालथा न घालताच गिरवला होता. कुणा शिकाऊने असं केलं असतं, तर आप्पांनी त्याचा कान पिळला असता.

तिने पट्टी सोडवली, बंदूक तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि स्टुलावर बसून राहिली. गेल्या महिन्यात आप्पांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. त्याच्या आधी एका रविवारी ते दुकान उघडायला निघाले होते. त्यावर सगळे हसले होते, आप्पा धरून. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. समोरच्या घड्याळजींनी एकाच्या घड्याळाचं चाक दुसऱ्याच्या घड्याळात बसवलं, तेव्हा त्यांच्या मुलांनी मोठ्या प्रेमाने त्यांची हत्यारं उचलून ठेवली. आता ते दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर वाचतात. तेव्हा आप्पा म्हणाले होते, "माझ्यावर अशी वेळ आली तर कुणी काही उचलायला नको. माझी कोरणी मीच खाली ठेवीन." आप्पा बोलले की तसंच करत. अंगात आडमुठेपणा मुरलेला होता. आणि कोरणी सुटली की या माणसात काय उरणार होतं?

नवऱ्याला सांगावं तर त्याला सरळ रेघही मारता येत नसे. तो काळजीत पडला असता आणि काळजीच्या भरात आप्पांना सांगून मोकळा झाला असता.

बाकावर उजव्या अंगाची पट्टी पडली होती. तिच्यावर ससा यायचा होता, आणि तो ससा तिचा होता. दहा वर्षं आप्पांनी तिला पानं, वेली आणि गवत यांच्यापुढे सरकू दिलं नव्हतं. "ज्याला गवत येत नाही, त्याचा ससा लपणार कुठे?" असं म्हणत. या खेपेला मात्र त्यांनी पट्टी तिच्यापुढे सरकवली आणि "कर" एवढंच म्हणाले. त्या दिवशी तिने आनंदाच्या भरात चहात दोनदा साखर घातली होती. ससा तिने कालच पट्टीला मेण लावून त्यावर उतरवून ठेवला होता, अगदी बरोबर, नळीकडे उड्या मारत निघालेला.

तिने मेण बोटाने पुसून टाकलं.

मग वहीतून सशाचा ठसा पुन्हा काढला, पालथा न घालता पट्टीवर ठेवला आणि गिरवायला घेतला. या कामातला कुणीही जाणकार हा ससा बघून हसणार होता, आणि पोलादावरची रेघ काही खोडरबराने जात नाही. तिचं पहिलं जनावर जन्मभर चुकीच्या दिशेने पळणार होतं. पण दोन्ही अंगांची जनावरं उलटी असली तर ती चूक दिसत नाही, कुणीतरी ठरवून केल्यासारखी दिसते. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि सशाच्या कानापासून सुरुवात केली.

चौथ्या दिवशी आप्पांनी तयार पट्टी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, अंगठ्याच्या नखाने रेघांची खोली चाचपली. बराच वेळ त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"कान छान उतरलेत," ते म्हणाले. "मागचे पाय जरा आखूड झाले."

एवढंच. आणि शीळ न घालता ते हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. बंदूक त्यांच्या वडिलांची. आतले खटके काढून टाकलेले. आता ती त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर राहणार होती. बाईंनी ती आडवी धरली, डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली, पुन्हा डावीकडे आल्या. वकीलच त्या, त्यांच्या नजरेतून काय सुटणार!

"पूर्वी हा कुत्रा तिकडे बघायचा ना हो? मी लहानपणी त्याच्या नाकावरून बोट फिरवायची."

प्रश्न आप्पांना होता. उत्तर सूनबाईने दिलं, घाईघाईने, चढ्या आवाजात.

"आता ही चालवायची नाही ना, बाई? मग बिचाऱ्यांना पळवायचं कशाला? म्हटलं, दोघांना माघारी बोलवावं."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग ससा पाहिला. मग बंदूक खांद्याशी धरली आणि एकदम लहान मुलीसारख्या हसल्या.

"अगंबाई, माझ्याकडेच बघतोय की!"

त्या गेल्या. दारापर्यंत पोचवून सूनबाई परत आली तेव्हा आप्पा आपल्या स्टुलावर बसले होते.

"ससा मुद्दाम उलटा काढलास," ते म्हणाले.

"हो."

"कुत्रा मुद्दाम नव्हता."

ती बाकावरचा कीस ब्रशने गोळा करू लागली. गोळा करण्याएवढा कीस तिथे नव्हता.

"तुझा पहिला ससा होता गं तो," आप्पा म्हणाले. "मी वाट बघत होतो त्याची. तुझ्यापेक्षा जास्त."

"दुसरा काढीन. पाय लांब करीन त्याचे."

आप्पांनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी पुढच्या कामाची पट्टी चिमट्यात बसवली, तिला मेण लावलं, वही उघडून तितरांचा ठसा काढला. कागद पालथा घालून पट्टीवर ठेवला. मग दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती येऊन कागदाची बाजू बघेपर्यंत कोरणी उचलली नाही.