गादीची उसवलेली शिवण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघी बहिणी उभ्या असतो. त्यातली खिडकीकडे पाठ करून असलेली ती मी. आमचा सुतार हाताचा चोख आणि तोंडाचा तिखट होता. माझा मागचा पाय बसवून झाल्यावर त्याने मला दोनदा ठोकून पाहिले आणि म्हणाला, "ही मोडायची नाही. बसणाराच थकेल." तेव्हापासून मी जरा ताठच असते. खुर्चीने दुसरे करायचे तरी काय म्हणा.

या घरात आई, बाबा आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहतात. बाबा छापखान्यात कामाला आहेत. आई चष्म्याच्या दुकानात असते. लोकांना नीट दिसावे म्हणून ती दिवसभर खपते. मुलीचे गाल लहानपणी फुगरे होते, म्हणून सगळे तिला गुब्बू म्हणत. टेबलाला हात पुरत नसे तेव्हा ती माझ्यावर गुडघे टेकून जेवायची आणि वाटी चाटूनपुसून लख्ख करायची. पुढे तिच्यासाठी आईने निळ्या कापडाची गादी शिवून माझ्यावर बांधली. मग ती पाय हलवत, गाणी म्हणत जेवू लागली. पाहुणे म्हणायचे, "खुर्च्या काय छान ठेवल्यात हो." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

गुब्बू नववीत गेली त्या वर्षीची गोष्ट. आत्या आली होती. ती हसत हसत म्हणाली, "वहिनी, आता हिचं नाव बदला, नाहीतर ते खरं ठरायचं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळे हसले, गुब्बूही हसली. आजार काही एका वाक्याने होत नाही, असे डॉक्टर नंतर म्हणाले, म्हणून मी एकट्या आत्याला दोष देत नाही. पण टेबलाखाली हलणारे तिचे पाय त्या दिवशी थांबले, हे मात्र मला माहीत आहे.

मित्रांनो, खुर्चीला डोळे नसले तरी भार कळतो. गुब्बू हलकी होत चालली होती. आई म्हणायची, उंच होतेय. बाबा म्हणायचे, अभ्यासाचा ताण आहे. ती आता अगदी पुढच्या कडेवर बसायची, पाठ टेकायची नाही, आणि तिचा गुडघा सारखा थरथरायचा. माझ्या गादीची मागची शिवण थोडी उसवली होती. ताटातले जे नाहीसे व्हायचे, ते सगळे तिच्या पोटात जात नव्हते. काही माझ्या गादीत जात होते. आई रिकामे ताट उचलताना म्हणायची, "शहाणी गं माझी बाय ती." तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

मला बोलता येत नाही, पण कुरकुरता येते. तिच्या थरथरण्याने माझा सांधा ढिला झाला होता. मी प्रत्येक जेवणाला जीव खाऊन कुरकुरू लागले. बाबा वैतागले. "ही खुर्ची डोकं खाते," असे म्हणत त्यांनी माझ्या सांध्यात गोंद ओतला आणि स्क्रू पिळून घट्ट केले. झाले, माझे तोंड बंद. मग मुंग्या आल्या. मला वाटले, या तरी वाट दाखवतील. आईने माझ्या चारही पायांशी पावडर टाकली. शेवटी तिला उसवलेली शिवण दिसली. ती सुईदोरा घेऊन आली, माझ्यापाशी खाली बसली, आणि आत हात न घालता तिने पक्के टाके घातले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. माझी इतकी निगा त्या घरात आधी कधीच कुणी राखली नव्हती.

दोन दिवसांत गुब्बूने ते टाके कापले.

मग ती शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा हट्ट नव्हे, हा खाण्याचा आजार आहे. उपचार सुरू झाले. घरी मात्र रोजची लढाई होती. आई हात जोडायची, "एक घास, माझ्यासाठी." बाबा आधी समजावायचे, मग ओरडायचे, मग गॅलरीत जाऊन उभे राहायचे. दोघांनीही हात टेकले होते. तेव्हा डॉक्टरांनी औषधपाण्याच्या जोडीला दोन माणसे पाठवली. एक ताई, जी स्वतः या आजारातून उठली होती, आणि एक काका, ज्यांच्या मुलाला हाच आजार झाला होता.

ती दोघे रविवारी दुपारी आली. काका आईबाबांना घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. त्यांचा आवाज आत येत होता.

"मी बस चालवतो," काका सांगत होते. "रोज एवढ्या माणसांना घाटातून सुखरूप नेतो, आणि घरी पोराला एक घास भरवता येईना. ताट आपटलंय मी त्याच्यापुढे."

"मग काय केलंत?" बाबांनी विचारले.

"आपटणं बंद केलं. डॉक्टर सांगतील ते वाढायचं, शेजारी बसायचं, आणि घासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच जमत नाही हो."

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ना.

आत ताईने स्वतःचा डबा उघडला. "तुला काय म्हणू?" तिने विचारले.

"गुब्बू नको."

"बरं. मग नुसतं 'तू' म्हणेन."

मीही त्या दिवसापासून ते नाव टाकले. मुलगी खिडकीपाशी उभी होती, म्हणून जवळची रिकामी खुर्ची ओढून ताई बसली. ती खुर्ची मी होते. बसताच तिला गादीतला गठ्ठा टोचला. तिचा हात मागे शिवणीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आमच्या घरी फुलदाणी होती," ताई म्हणाली.

मुलीचा चेहरा खाडकन उतरला. "आईला सांगणार?"

"आईला कळायला हवं. लपवायला मी मदत करणार नाही. पण तू सांगितलंस तर मी शेजारी बसेन."

"फुलदाणी सापडल्यावर बरं वाटलं तुला?"

"छे. भयंकर राग आला. बरं फार उशिरा वाटलं."

मुलीने आईला हाक मारली आणि माझी गादी सोडून टेबलावर ठेवली. आईने आपले कापलेले टाके ओळखले. ती काहीतरी बोलणार होती, पण दारातल्या काकांकडे पाहून थांबली. मग हळू म्हणाली, "मीच शिवली गं ही. हात घालून बघितलं नाही."

"तू सुई आणलीस ना," मुलगी म्हणाली, "तेव्हा वाटलं होतं, आता बघशील."

मित्रांनो, त्यानंतर ती बरी झाली असे सांगायला मला आवडले असते. ताई येते, काका फोन करतात, डॉक्टरांकडे जाणे चालू आहे. काही दिवस ती मला थोडी जड लागते, आणि मग पुन्हा हलकी. मी बिनगादीची उभी आहे आणि मला काहीही करता येत नाही.

काल गोंद सुटला आणि मी पुन्हा कुरकुरले. सवयीने बाबा उठले, गोंदाच्या बाटलीपर्यंत गेले आणि तसेच परत येऊन तिच्या शेजारी बसले.

"काय गं?"

"आज नाही जमत, बाबा."

"बरं. मी बसलोय."

समोरचा बटाटा गार झाला. बाबा उठले नाहीत.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील की आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझे तसे मागणे नाही. तुमच्या घरी एखादी खुर्ची कुरकुरू लागली, तर गोंद आणण्याआधी तिच्यावर कोण बसले आहे ते बघा. आणि बसलेले तुम्हीच असाल, तर कुणाला तरी हाक मारा. मला ती मारता आली नाही.