थोरली की मधली

सासूबाईंची दाढ नेमकी आजच ठणकावी, याला काय म्हणायचं? सकाळी आठ वाजता त्या गालाला हात लावून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "मी दाताच्या डॉक्टरकडे चालले. भोपळूला आज तूच ने. रडली तर मला फोन करू नकोस, मला बोलता यायचं नाही."

म्हणून दहा महिन्यांची लेक भोपळू, तिची झोळी, दोन दुपटी, कुस्करलेल्या केळ्याचा डबा आणि एका बाजूला आरसा असलेला खुळखुळा एवढा लवाजमा घेऊन ती कामावर आली. तेही संग्रहालयाच्या मागच्या दारानं, चोरासारखी.

संग्रहालय तसं लहानच. पुढच्या दालनात काचेखाली फुलपाखरं आणि भुंगे, मागच्या खोलीत कोळ्यांचं कपाट. कपाटात खणांवर खण, खणांत स्पिरिटच्या नळ्या, नळीत एकेक कोळी आणि सोबत पेन्सिलीनं लिहिलेली नखाएवढी चिठ्ठी. बाळंतपणाच्या रजेआधी चार वर्षं हे कपाट तिच्या ताब्यात होतं. परत येऊन दोन महिने झाले होते, पण किल्ली अजून सरांच्याच खिशात होती. सर म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. उंच, वाळके, चष्म्यावर आणखी एक भिंग अडकवून जगाकडे बघणारे. "दोन महिने बघू," असं तेव्हा म्हणाले होते, आणि ते दोन महिने आज भरत होते.

"चारला छपाईवाला पुस्तिकेची कच्ची प्रत न्यायला येईल," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. झोळीकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "तोवर शेवटचं वाचून टाक. पाचला तुझं ठरवू. कपाट की पुढचं दालन."

पुढचं दालन म्हणजे दिवसभर शाळेच्या पोरांना 'काचेला हात लावू नका' असं सांगत उभं राहायचं. कामाला ती लाजत नव्हती. पण तिथे उभी राहिली की मागची खोली कायमची सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुस्तिका शाळांसाठी होती, आपल्या बागेतले कोळी ओळखा अशी. बाराव्या पानावर तिनंच काढलेला फोटो होता. पिवळ्या-रुपेरी पट्ट्यांची ठसठशीत मादी, जाळ्याच्या मधोमध उलटी लटकलेली, आठ पाय दोनदोन जोडून फुलीसारखे पसरलेले, पायांच्या टोकांशी पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण. फोटो देखणा होता. खाली छापलं होतं: थोरली.

मागच्या बागेत या रंगाच्या तीन जाती होत्या. त्यांची शास्त्रातली लांबलचक नावं कपाटात होती, पण बोलताना सगळे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. एका घरातल्या तीन जावा जशा. लांबून तिघी सारख्याच ठुमकणाऱ्या, जवळ गेल्यावर प्रत्येकीचं वेगळं. पाठीवरचे पट्टे वयाप्रमाणे, खाल्ल्याप्याल्याप्रमाणे बदलतात, त्यांचा भरवसा नाही. ओळख पोटावर असते. थोरलीच्या पोटावर दोन सरळ पिवळ्या रेघा, मधलीच्या त्याच रेघा तुटून ठिपके झालेल्या, धाकटीला रेघाच नाहीत. म्हणून सरांनी कपाटाच्या दारावर जाड अक्षरात लिहून ठेवलं होतं: पाठ आणि पोट दोन्ही पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. नोंदवहीत त्यासाठी दोन रकाने होते आणि दोन्हीत बरोबरची खूण लागल्याशिवाय नोंद पुरी होत नसे.

भोपळूला मांडीवर घेऊन केळं भरवता भरवता तिनं नोंदवही उघडली. गेल्या वर्षीची तारीख सापडली. पाठ, खूण. पोट, खूण.

आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

त्या दिवशी तिला नववा महिना होता. ते जाळं कुंपणाच्या मेंदीत होतं, भिंतीकडे तोंड करून. पाठीचा फोटो वाटेवरून मिळाला. पोट पाहायचं तर मेंदी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरायला हवं होतं, आणि तिच्या पोटाला त्या फटीत जागा नव्हती. आडवी होऊन पाहिलं, तिरकी होऊन पाहिलं. शेवटी हसू आलं आणि पाठीत कळ आली. उद्या माळीकाकांना सांगून बघू, असं म्हणून तिनं खूण आजच करून टाकली. तो उद्या आलाच नाही. पहाटे इस्पितळ गाठावं लागलं, आणि भोपळू ठरलेल्या दिवसाच्या तीन आठवडे आधीच घरी येऊन बसली.

दहा महिन्यांत ती खूण तिला एकदाही आठवली नव्हती. आता आठवली ती गळ्याशी येऊनच. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर आजच, पाच वाजायच्या आत, आपण खोटी नोंद केली हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

"काय करायचं गं?" तिनं विचारलं. भोपळूनं तिच्या कुर्त्याला केळं पुसलं.

अडीच वाजले होते. आधी बघून तर येऊ, असं तिनं ठरवलं. थोरलीच निघाली तर... तर काय, हे मात्र तिनं पुढे ठरवलं नाही. भोपळूला झोळीत घालून छातीशी बांधली आणि ती बागेत गेली.

माळीकाका कुंपणाशीच कात्री घेऊन उभे होते. "ताई, तुमची ती पट्टेरी बाई परत आलीय बघा. त्याच जागी."

"ती नसेल, काका. एका हंगामाचंच आयुष्य असतं त्यांना. तिची लेक असेल, नाहीतर कुणीतरी दुसरीच."

"लेक आईच्याच जागेवर बसली म्हणा." काका पुढे वाकले. "आणि हे चिलटासारखं काय लटकलंय कोपऱ्यात?"

"तो नवरा."

"एवढासा?"

"एवढासाच असतो."

"बरं झालं सांगितलंत. घरी सांगतो, माझं काहीतरी वजन आहे म्हणावं."

ती हसली, पण लक्ष फटीकडे होतं. मेंदी वर्षभरात आणखी माजली होती. आत शिरायला जेमतेम एक हात जागा उरली होती. तिनं कुशीवर वळून पाहिलं. छातीवरचं गाठोडं भिंतीला घासलं आणि भोपळू कुरकुरली. गेल्या वर्षी पोटात होती, आज पोटावर. वाट अडवायची ती अडवलीच.

"आणा तिला माझ्याकडे," काका म्हणाले. भोपळूनं त्यांच्या मिशा पाहिल्या आणि असा सूर लावला की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. बेत तिथेच बारगळला.

"छाटून देऊ का मेंदी?"

"नको नको. जाळं जाईल."

भोपळूच्या समजुतीसाठी तिनं पिशवीतून खुळखुळा काढला. भोपळूनं तो हलवला. आरशावर ऊन पडलं आणि कवडसा भिंतीवरून, पानांवरून धावत जाऊन जाळ्यात शिरला. पिवळे पट्टे क्षणभर लखलखले.

ती त्या कवडशाकडे पाहतच राहिली.

"काका, तुमची ती बारकी काठी द्या. आणि सुतळी."

खुळखुळा मिळवायला बरीच मनधरणी करावी लागली, बदल्यात केळ्याच्या डब्याचं झाकण द्यावं लागलं. आरसा वर येईल असा तिनं तो काठीच्या टोकाला बांधला. काकांनी दोन फांद्या तळव्यानं अलगद मागे धरल्या आणि तिनं काठी जाळ्याच्या मागून, भिंतीच्या बाजूनं सरकवली. काठीचा धक्का एका धाग्याला लागला मात्र, बाईंनी सगळं जाळं गदागदा हलवायला सुरुवात केली. आरशात नुसता पिवळा धूर दिसत होता.

"रागावली," काका कुजबुजले.

"घाबरली. थांबेल."

ती श्वास धरून उभी राहिली. हाताला कळ लागली. भोपळू झाकण चघळायचं विसरून हलणाऱ्या पिवळ्याकडे टक लावून बसली होती. तिच्या डोक्याचा दुधाळ, घामेजला वास येत होता. हळूहळू झोका लहान झाला, आणखी लहान झाला, थांबला. आरशात काळंभोर पोट उभं राहिलं. वरच्या बाजूला श्वासाच्या दोन फटी, त्यांच्या मधोमध ते झाकणासारखं लहानसं अंग, म्हणजे मादी पुरती वयात आलेली, ओळख पटायला हरकत नाही. आणि त्याखाली रेघा. पिवळ्या रेघा, पण सरळ नव्हेत. तुटलेल्या. तिनं मोजलं, दोन्हीकडे चारचार ठिपके.

दुसऱ्या हातानं तिनं फोन धरून आरशातले पाच फोटो काढले. पाचवा स्पष्ट आला.

"मधली आहे," ती म्हणाली.

"मग चांगलं की वाईट?"

"आहे ते आहे, काका."

सर मागच्या खोलीत पुस्तिकेच्या पानांचा गठ्ठा बांधत होते. साडेतीन झाले होते. तिनं फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी नोंदवही उघडून ठेवली. एका दमात बोलून टाकायचं असं वाटेत ठरवलं होतं, पण जमलं तुकड्या तुकड्यांनीच.

"बारावं पान चुकलंय, सर. मेंदीत मधली बसलीय. आत्ताच पाहिली, पोट पाहिलं. आणि गेल्या वर्षी... पोट पाहिलं नव्हतं मी. मावत नव्हते तिथे. खूण आधी केली. उद्या बघू म्हणून."

सरांनी भिंग खाली ओढलं. फोटो पाहिला, बराच वेळ. मग खूण पाहिली, त्याहून जास्त वेळ. भोपळूनं झाकण जमिनीवर टाकलं. टण्ण आवाज झाला, पण सर हलले नाहीत.

"हे ठिपके मधलीचे. बरोबर," ते शेवटी म्हणाले. "मग गेल्या वर्षीचीही मधलीच असणार. तीच जागा. नाव बदलून टाकू, फोटो राहू दे. झकास आहे फोटो."

सुटका समोर आयती उभी होती. फक्त मान हलवायची होती.

"नाही, सर. गेल्या वर्षीची कोण होती ते मला माहीत नाही. तिचं पोट कुणीच पाहिलेलं नाही. फोटो काढूनच टाकावा लागेल."

"आणि पानावर काय छापायचं?"

"आजचे. पाठ आणि पोट, दोन्ही. आरशातला थोडा तिरका आलाय, पण पोरांना कळेल मागून कसं बघायचं ते. आरसा कुठल्याही घरात असतो."

सर खुर्चीत मागे टेकले. छपाईवाला आला तर त्याला अर्धा तास बसवून ठेवा, असं त्यांनी पुढच्या दालनात ओरडून सांगितलं. मग नोंदवहीची पानं मागे चाळली.

"त्या महिन्यात तुझ्या अकरा नोंदी आहेत. सगळ्यांना खुणा आहेत."

"खोटी एकच आहे."

"कशावरून?"

खरंच, कशावरून? तिला तर आठवतच होतं की. पण आठवणं म्हणजे पाहणं नव्हे, हे या खोलीत तीच इतरांना शिकवायची. "नळ्या आहेत बाकीच्या दहांच्या," ती हळूच म्हणाली. "एकेक काढून पुन्हा बघते. सगळ्या. चिठ्ठ्यांसकट."

"किती दिवस लागतील?"

"अर्धवेळ, म्हणजे... आठवडा. हिचे दात येताहेत, दहा दिवस धरा."

"दहा दिवस," सर म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला, रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, आणि त्याखालून कपाटाची किल्ली काढून नोंदवहीवर ठेवली. "नळ्या बघायच्या तर कपाट उघडायला हवं. दर वेळी माझ्यामागे यायला मला वेळ नाही."

"आणि पाचला..."

"पाचला मी घरी जाणार आहे. ही माझ्याकडे अशी का बघतेय?"

"भिंगाकडे बघतेय."

सरांनी भिंग वर केलं, खाली केलं. भोपळू खदखदून हसली. त्यांनी पुन्हा वर केलं आणि मग कुणीतरी बघेल म्हणून घसा खाकरून फोटोकडे वळले.

तिनं पेन्सिल घेतली. खूण पुसली नाही. पुसायची नसते, तिच्यावर रेघ मारायची असते. खुणेवरून एक सरळ रेघ ओढून तिनं शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: पोट पाहिले नाही. नाव रद्द. आजची तारीख घातली. खालच्या कोऱ्या ओळीवर नवी नोंद सुरू केली. जागा, मेंदीचं कुंपण. पाठ, खूण. पोट, खूण. शेरा या रकान्यात काय लिहावं, यावर तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं: आरशातून.

तोवर किल्ली भोपळूच्या तोंडात गेली होती. ती हिरड्यांतून सोडवून घेताना बोटाला खालच्या बाजूला काहीतरी टोचलं. तिनं ओठ हलकेच खाली ओढून पाहिलं. दात होता. पहिला. तांदळाच्या कणीएवढा, पण होता.