भंतेमामा बँकॉक बघायला आले

भंतेमामांची साठी उलटली तरी त्यांनी बँकॉक पाहिलं नव्हतं. विशीत चीवर घेऊन भिक्खू झाले, ते खोन केनजवळच्या आमच्या गावातल्या विहारातून नंतर फारसे हललेच नाहीत. यंदा एप्रिलच्या सुट्टीत आईनेच टूम काढली. "लामाइ, तू तिथे आहेस तोवर मामांना निजलेले बुद्ध दाखवून आणू. उद्या लग्न करून कुठे जाशील, कोण जाणे. करशील तर!" हा टोमणा तिला कशातही घालता येतो.

विहाराची व्हॅन विचियनने आणली होती. हा मामांचा सेवेकरी, पन्नाशीचा, तोंडाने तिखट आणि रस्त्यांच्या बाबतीत कच्चा. आईने बँकॉकमधल्या माझ्या खोलीवर पहाटे उठून चिकट भात, भाजलेला मासा आणि बांबूच्या कोंबांची आमटी केली, डबे भरून व्हॅनमध्ये ठेवले. मामांनी वाटीभर पेज घेतली, मधुमेहाची गोळी घेतली आणि आम्ही निघालो. मंदिरापाशी गाडी लावायला जागा नव्हती.

"तुम्ही उतरा," विचियन म्हणाला, "मी अकराला डबे घेऊन येतो."

निजलेल्या बुद्धांच्या पायांशी मामा बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यांनासुद्धा इथे आडवं व्हावं लागलं. उकाडाच तसा आहे." आई खुदकन हसली, आणि हसताना दोन पावलं मागे सरली. मामांच्या अंगाला आपला स्पर्श होऊ नये म्हणून ती नेहमीच असं अंतर राखते. भिक्खूला बाईने शिवायचं नसतं. सख्खा भाऊ, पण चीवर घेतल्यापासून तिने त्यांना बोटसुद्धा लावलेलं नाही.

अकरा वाजले. मंदिराजवळच्या नदीच्या घाटावर आम्ही वाट बघत थांबलो. विचियन नाही. फोन केला, तर म्हणाला पुलावर अडकलोय, पुढे रस्ता बंद केलाय. थोड्या वेळाने पुन्हा केला, तरी पुलावरच. एकदा बारा वाजले की मामांना दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न वर्ज्य.

"आई, इथलंच काहीतरी घेऊ."

"घाटावरचं तळकट? मग मी पहाटेपासून कशाला राबले?"

"अगं, गोळी घेतलीय त्यांनी!"

"बहिणीशी भांडायचा मान माझा होता, तो तू घेतलास," मामा मला म्हणाले. "एक दिवस नाही जेवलो तर विहार कोसळत नाही."

पण ते सावलीत बसले होते, तरी त्यांच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. पंखा धरलेला हात थरथरत होता. आईनेही तो पाहिला आणि मला पैसे काढून दिले. मी धावतच भाताच्या दुकानाकडे गेले. पुढे परदेशी पाहुण्यांची ही रांग! प्रत्येकाला तिखट कमी हवं, प्रत्येकाला आधी फोटो काढायचा. मी सारखी घड्याळ बघत होते. पुडकी हातात पडली आणि उन्हात पळत परत आले, तेव्हा बारा वाजून गेले होते.

मामांनी पुडक्यांकडे पाहिलं. "तुम्ही दोघी जेवा." शब्द जड येत होते. "मी त्या... त्या होडीत बसतो." समोर होडी नव्हतीच.

ते उठले आणि त्यांचा तोल गेला. आसपास सगळ्या बायकाच होत्या. आईने खांद्यावरचं वस्त्र काढून एक टोक त्यांच्यापुढे धरलं. "भंते, हे धरा. हळू चला." त्यांनी ते धरलं. पुढे आई, मागे ते, असे काही पावलं गेले असतील. मग वस्त्र सैल पडलं.

आई वळली आणि तिने त्यांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं. तशीच फरशीवर बसली. त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"तुई! ए तुई, डोळे उघड!"

हे त्यांचं लहानपणीचं नाव. गुबगुबीत होते म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. ते मी आईच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"अहो मावशी, भंतेंना हात लावताय! पाप लागेल!" एक जाडजूड बाई ओरडली.

"लागलं तर मला लागेल. तुमच्या हातातलं सरबत द्या इकडे!"

बाईने मुकाट्याने पेला दिला.

"आई, बारा वाजून गेलेत..."

"साखर औषधात मोडते, ती बारानंतरही चालते. आता तू मला धर्म शिकवणार? मान धर त्यांची."

मी धरली. आई थोडं थोडं पाजत होती, त्यांचे गाल चोळत होती. जमलेल्या गर्दीतला एक माणूस मोबाइलवर हे सगळं टिपत होता. मी एका हाताने मान सावरत दुसऱ्याने ओढणी त्याच्यासमोर आडवी धरली. मनात मात्र एकच होतं: हे इथेच, माझ्या शहरात गेले तर?

बऱ्याच वेळाने मामांनी डोळे उघडले. कुणाच्या मांडीवर आहोत, हे त्यांना लगेच कळलं नाही. कळलं, तेव्हाही ते झटकन उठले नाहीत.

तोवर कुणीतरी मंदिरातल्या एका वृद्ध भिक्खूंना बोलावून आणलं होतं. त्यांनी मामांना आधार देऊन आत नेलं. आई दाराबाहेर हात जोडून उभी राहिली, चेहरा पांढराफटक. मामा बाहेर आले ते तिच्याकडे बघत.

"सगळं सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं, त्या वेळी मनात काय होतं? मनात वासना असेल तरच दोष लागतो. म्हटलं, मासा."

आई हसली नाही.

विचियन डबे घेऊन घामाघूम होऊन पोचला. आईने त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आम्ही मामांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि गोळी घेऊन उपाशी राहिलात तर खबरदार, असं भंतेंना सांगावं तितक्या नम्रपणे सांगितलं. नदीपलीकडचं मंदिर बघायचं राहिलं. आई, मामा आणि विचियन दुपारीच गावाकडे निघाले.

संध्याकाळी आईचा फोन आला. मला वाटलं, अजून पापाचीच धास्ती असेल.

"पोचलात का?"

"वाटेत आहोत. ते पुढे झोपलेत." मग आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "लामाइ, किती हलका झालाय गं तो. नुसती हाडं. कुणालाच कसं कळलं नाही?"