ओवीतलं नाव

वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून हळदीचा वास कोंडला होता. मधोमध जातं, आणि जात्याशी मालनबाई. विठ्ठलवाडीहून नवऱ्याच्या, गुणाजीच्या, रिक्षात घालून तिनं ते आणलेलं. वाटभर स्वतः अंग चोरून बसली, जातं मात्र ऐसपैस बसवलं.

संचिताचं उद्या लग्न होतं, दुसरं. आणि मालनबाई तिची पहिली सासू.

आठवडाभर गोदाआत्या धुसफुसत होती. आईवेगळ्या संचिताला तिनंच वाढवलेलं, तेव्हा बोलायचा हक्क होताच. “सोडून आलेल्या घरची बाई हळद दळणार? असं कुठं झालंय गं?”

“नसेल झालं. पण त्या नसतील तर मला हळदच नको, आत्या. सरळ रजिस्टरवर सही करून येईन.”

हट्ट नव्हता तो. पहिल्या नवऱ्यानं, मालनबाईच्या सुदेशनं, अग्नीसमोर, मांडवभर माणसांसमोर शब्द दिले होते. ते उन्हात ठेवलेल्या कापरासारखे उडून गेले. मालनबाईनं कधी कसलाच शब्द दिला नव्हता. घटस्फोटानंतर डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीत संचिता पाय मोडून पडली, तेव्हा ही बाई भाकऱ्या बांधून दारात उभी.

“आई, आता आपलं नातं काय?” संचितानं विचारलं होतं.

तिच्या केसांत फणी घालत मालनबाई म्हणाली, “कोर्टानं तुझं नि सुद्याचं मिटवलं. मला कुणी विचारलं? मान सरळ धर.”

पुढे ती येतच राहिली. बोलवायला नको, आभार मानायला नको. विहिरीला झरा लागावा तशी.

एवढ्यात नवऱ्या मुलाची बहीण देवयानी फोन उंच धरून आत आली. “वहिनी, दादाला बघायचंय!” फोनमध्ये कल्याणच्या घरातून अनिमेष हात हलवत होता.

मालनबाईनं खुंटा धरला. समोरून आत्यानंही धरला, तोंड फिरवून का होईना. संचितानं कुटलेल्या हळकुंडांची मूठभर वैरण जात्याच्या तोंडात घातली. जातं घरघरलं आणि डोळे मिटून मालनबाई गाऊ लागली,

“जात्याच्या पाळीवर पिवळी उडे धूळ
सुदेश बाळ माझं चाफ्याचं गं फूल...”

जातं थांबलं. याच जात्यावर पहिल्या हळदीला तिनं हीच ओवी म्हटली होती. सवयीनं जीभ जुन्या वाटेनं गेली.

“तरी सांगत होते,” आत्या पुटपुटली. फोन खाली घ्यावा की धरून ठेवावा, देवयानीला कळेना.

मालनबाईनं पदर तोंडाशी नेला. “जीभ झडो माझी! शुभकार्यात काय बोलून गेले. निघते मी, पोरी.”

संचितानं ओळखलं. आज ही बाई या दारातून गेली, तर लाजेनं पुन्हा फिरकणार नाही. हळदीच्या हातानंच तिनं मालनबाईचं मनगट धरलं. “आई, तुम्ही उठलात तर मीपण पाटावरून उठणार.”

“नको गं असं...”

“मावशी,” फोनमधून अनिमेषचा आवाज आला, “माझं नाव ओवीत बसत नाही का हो?”

मालनबाई दचकली. फोनकडे बघावं की जात्याकडे, तिला उमगेना. “बसंल की, बाबा. पण तुझ्या आईनं जरा सोपं तरी ठेवायचं!”

बायका फसकन हसल्या. आत्यालाही ओठ दाबावे लागले.

“मग बसवा. ऐकतोय मी.”

मालनबाई पुन्हा जात्याशी सरसावली. नाव दोनदा ओठांतल्या ओठांत घोळवलं. मग जातं फिरलं,

“जात्याच्या पाळीवर पिवळी उडे धूळ
अनिमेष जावई माझा चाफ्याचं गं फूल...”

वैरण घालणारा संचिताचा हात वरच्यावर थांबला. जावई माझा. कुणाला न विचारता, अर्ध्या ओळीत, मालनबाई सासू राहिली नव्हती, आई झाली होती. संचितानं खाली मान घातली. समोरचं सगळं पिवळं पिवळं धूसर झालं.

“रिकामं जातं फिरवू नये गं, घाल वैरण,” मालनबाई म्हणाली.

गोदाआत्यानं कोपरानं डोळे पुसले आणि खुंटा नीट, घट्ट धरला. “जरा मोठ्यानं म्हण गं मालन. मला मागून म्हणायचंय.”