आनाइगबाईंचा गाववाला

ऑकलंडमध्ये पॉन्सन्बीच्या चढावर आनाइगबाईंची बेकरी होती. तिथे मी पंधरा वर्षं काम केलं. मी रारोटोंगा बेटावरची, तुआइने. बाई फ्रान्सच्या, ब्रेतॉन किनाऱ्यावरच्या. इथल्या खलाशाशी लग्न करून आल्या आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या. सकाळी भट्टी तापली की त्या त्यांच्या ब्रेतॉन बोलीत गुणगुणायच्या, मी माझ्या. एकीला दुसरीचं अक्षर कळायचं नाही, पण पीठ मात्र झकास मळलं जायचं. त्यांच्या लोणी-साखरेच्या केकसारखा वास आला की मी आजही रस्त्यात थबकते.

१९८५ च्या जुलैत ते हिरवं जहाज बंदराला लागलं. आमच्या समुद्रात, मुरुरोआ बेटावर, फ्रान्स अणुबॉम्बच्या चाचण्या घेत होता. त्याच्या निषेधाला ते निघणार होतं. बाईंनी लगेच वीस पाव धाडले. जहाजावरचा आचारी योरिस, लाल दाढीचा डच, मला म्हणाला की रोज पाव आणलेस तर तुझ्या बाईंशी लग्न करेन. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "आधी दाढी काढ म्हणावं."

त्याच सुमारास दुकानात एक फ्रेंच माणूस येऊ लागला. बाईंच्या शेजारच्याच गावचा असल्याचं सांगायचा, त्यांच्याच हेलात बोलायचा. चौदा वर्षांनी बाईंच्या कानावर घरची बोली पडत होती. त्यांनी त्याला कॉफी पाजली, केक खिलवला. गप्पांच्या ओघात त्याने जहाजाबद्दल विचारलं आणि बाईंनी कौतुकाने सगळं सांगितलं: ते कुठल्या धक्क्याला आहे, पाव कधी जातो, रात्री जहाजावर कोण कोण झोपतं.

बुधवारी रात्री दोन स्फोट झाले. जहाज धक्क्यालाच बुडालं, आणि त्याच्यासोबत जहाजावरचा फोटोग्राफर.

दहा दिवसांनी पोलीस त्याच फ्रेंच माणसाचा फोटो घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. बाईंनी तो पाहिला आणि खुर्चीत बसल्या. माणूस केव्हाच देशाबाहेर गेला होता. बाईंना गप्प बसता आलं असतं. त्यांनी आपण काय काय बोललो ते शब्दन्‌शब्द लिहून दिलं आणि दुकानाला कुलूप लावलं. दारावर कोणीतरी खडूने 'चालत्या व्हा' लिहिलं होतं. मी ते पुसलं, पण त्यांनी ते आधीच वाचलं होतं.

तीन आठवड्यांनी योरिस आला. मागच्या दाराने मी त्याला आत घेतलं.

"पाव यायचे बंद झाले," तो म्हणाला.

"मीच सांगितलं त्याला," बाई म्हणाल्या. "सगळं."

"आम्हालाही लोक विचारायचे. आम्हीही सगळ्यांना सांगायचो. येईल त्याला जहाज दाखवायचो, चहा पाजायचो. लपवण्यासारखं आमच्याकडे होतं काय?"

बाई खूप वेळ रडल्या. योरिसने तोवर बाह्या सरसावून पिठाचा डबा उघडला.

फ्रान्सच्या सरकारने आधी कानांवर हात ठेवले. सप्टेंबरात कबूल केलं की स्फोट त्यांच्याच हेरांनी घडवले. पण त्याआधीच दुसऱ्या लहान बोटी मुरुरोआकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी महिनाभर टिकतील असे कडक टोस्ट आम्ही तिघांनी मिळून भाजले. योरिसही गेला. बाईंनी तेव्हापासून जाणाऱ्या एकाही बोटीला रिकामं जाऊ दिलं नाही.

१९९६ मध्ये चाचण्या कायमच्या थांबल्या. त्या उन्हाळ्यात बाई प्रथमच गावी निघाल्या, मला घेऊन. पंचवीस वर्षांनी बहिणीला भेटल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात गेलो. चर्चमध्ये, मासळीबाजारात, धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांपाशी बाईंनी दुकानात येणाऱ्या त्या माणसाच्या नावाने चौकशी केली. असं कोणी तिथे कधीच नव्हतं.

आम्ही धक्क्यावर बसून भाजलेले तारली मासे खाल्ले. मी विचारलं, सापडला असता तर काय केलं असतंत?

"विचारलं असतं, ही बोली कुणाकडून शिकलास," बाई म्हणाल्या. "नाव खोटं होतं, गाव खोटं होतं. पण तसं बोलायला आईच लागते गं."

मग त्यांनी बोटं चाटली आणि बहिणीसाठी आणखी सहा मासे बांधून घेतले.